प्लग-इन गाडी नेमकी किती ॲव्हरेज देते?

पाच जणांकडे एकाच मॉडेलची, एकाच वर्षी घेतलेली प्लग-इन हायब्रिड गाडी आहे असं समजा. पाचही जणांना विचारलं, "काय ॲव्हरेज देते गाडी?" तर पहिला म्हणेल २२, दुसरा २७, तिसरा ४०, चौथा १९६. पाचवा म्हणेल, "सांगता येणार नाही, पेट्रोल भरूनच चार महिने झाले." पाचही जण खरं बोलतायत. कुणाच्या गाडीत बिघाड नाही, कुणी फेकत नाही.

हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत, पुढे हिशेब करूनच दाखवतो. पण आधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या: साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज हा बराचसा गाडीचा गुण असतो. प्लग-इनचं ॲव्हरेज हा गाडी, तिच्या मालकाचं रोजचं अंतर आणि रात्री चार्जर लावायची सवय या तिघांचा मिळून गुण असतो. त्यामुळे "हायब्रिड १ लिटरमध्ये २४ जाते आणि प्लग-इन १०० जाते, मग प्लग-इनच घ्या" असा सल्ला कुणी दिला, तर त्याच्या मनात काहीही वाईट नसलं तरी तो तुम्हाला चुकीच्या वाटेला लावू शकतो.

आधी दोन्ही गाड्यांत फरक काय तो बघू.

साध्या हायब्रिडमध्ये इंजिन, मोटर आणि छोटी बॅटरी असते. तिला बाहेरून चार्ज करायची सोय नसते. ती चालते ती सगळी पेट्रोलवरच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? बॅटरीत जी काही वीज साठते ती इंजिनानं तयार केलेली असते किंवा ब्रेक लावताना परत मिळवलेली, आणि ब्रेक लावण्याआधीचा तो वेगही पेट्रोल जाळूनच आलेला असतो. मग हायब्रिड जास्त ॲव्हरेज देते कशी? वाया जाणारं वाचवून.

सिग्नलला गाडी थांबताना हे डोळ्यांनी बघता येतं. हायब्रिडच्या पडद्यावर ऊर्जेचा प्रवाह दाखवणारं एक चित्र असतं. तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढून ब्रेकवर हलका ठेवलात की बाण उलटा फिरतो, चाकाकडून बॅटरीकडे. मोटर त्या क्षणी जनरेटर झालेली असते आणि गाडीचा वेग बॅटरीत भरत असते. साध्या गाडीत हाच वेग ब्रेकच्या पॅडवर घासून उष्णता होऊन हवेत जातो. मग सिग्नल सुटतो आणि गाडी आवाज न करता हलते, कारण नुकत्याच भरलेल्या विजेवरच ती निघालेली असते. इंजिन मागाहून सुरू होतं. पेट्रोल इंजिनाला सगळ्यात महागात पडणारं काम म्हणजे उभ्या गाडीला हलवणं आणि रखडत रखडत चालवणं, आणि नेमकं तेच काम मोटर उचलते.

दुसरी बचत खुद्द इंजिनाची. बहुतेक हायब्रिड गाड्यांत ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन असतं. जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्यानं १८८२ मध्ये मांडलेली ही कल्पना. तिच्यात जळलेल्या वायूला पसरायला जास्त वाव मिळतो, त्यामुळे प्रत्येक थेंबातून जास्त काम निघतं, पण जोर कमी मिळतो. एकट्यानं ते इंजिन मरगळलेलं वाटलं असतं. जोराची उणीव मोटर भरून काढते म्हणून ते चालून जातं. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटा प्रियस आली ती याच जोडीवर, आणि आजही हायब्रिडचा गाभा तोच आहे.

प्लग-इनमध्ये हे सगळं असतंच, शिवाय बॅटरी कितीतरी मोठी आणि भिंतीवरच्या सॉकेटमधून चार्ज करायची सोय. म्हणजे आता विहिरी दोन झाल्या. सुरुवातीचे काही किलोमीटर फक्त विजेवर, आणि ती संपली की गाडी साध्या हायब्रिडसारखी वागू लागते. साध्या हायब्रिडसारखी, पण तिच्याइतकी चांगली नाही, कारण आता ती मोठी, रिकामी बॅटरीही अंगावर घेऊन पळायची असते. हे वजन शंभर-दीडशे किलोंच्या घरात सहज जातं.

(माइल्ड हायब्रिड नावाचा तिसरा प्रकारही विकला जातो. त्यातली मोटर इंजिनाला फक्त हात लावते, एकटीनं गाडी ओढायची ताकद तिच्यात बहुधा नसते. तिचा फायदा माफक असतो. नावात हायब्रिड आहे म्हणून तिच्याकडून प्रियससारख्या ॲव्हरेजची अपेक्षा ठेवू नका.)

आता मोजमापाकडे येऊ, कारण खरा गोंधळ तिथे आहे.

पेट्रोल लिटरमध्ये, वीज युनिटमध्ये. दोन्ही एका तराजूत कसं घालायचं? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, एक वाट काढली. १ अमेरिकी गॅलन पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते तेवढी म्हणजे ३३.७ किलोवॉट-तास, अर्थात ३३.७ युनिट वीज, असं त्यांनी ठरवलं. लिटरमध्ये सांगायचं तर १ लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ८.९ युनिट. या हिशेबानं विजेवर चालणाऱ्या गाडीचंही "पेट्रोलइतकं मायलेज" काढता येतं. त्याला एमपीजीई म्हणतात.

हा आकडा खोटा नाही, पण तो एक मोठी गोष्ट पोटात ठेवतो. पेट्रोलमधली ८.९ युनिट ऊर्जा गाडीच्या आत जळते आणि तिचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. साध्या गाडीत जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोचतो. विजेच्या बाबतीत हे जाळायचं काम आधीच दुसरीकडे, वीजकेंद्रात झालेलं असतं आणि तिथली नासाडी गाडीच्या खात्यात धरलेलीच नसते. म्हणून एमपीजीई नेहमी डोळे दिपवणारा दिसतो. एका विजेच्या गाडीची दुसऱ्या विजेच्या गाडीशी तुलना करायला तो उत्तम. हायब्रिडशी थेट तुलना करायला निघालात तर फसाल.

मग करायचं काय? दोन आकडे वेगवेगळेच ठेवायचे. विजेवर दर १०० किलोमीटरला किती युनिट, आणि बॅटरी संपल्यावर १ लिटरला किती किलोमीटर. याला तिसरा जोडा: एका चार्जमध्ये विजेवर किती किलोमीटर. एवढ्या तिघांवर कुठल्याही प्लग-इनची पत्रिका मांडता येते.

खरी उदाहरणं घेऊ, २०२३ च्या प्रियसची आणि तिच्याच प्लग-इन भावंडाची, प्रियस प्राइमची. दोघींचे ईपीएचे आकडे मी किलोमीटरमध्ये बदलून देतोय. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या प्रियसचं सर्वाधिक ॲव्हरेज देणारं मॉडेल लिटरला सुमारे २४ किलोमीटर जातं. प्राइमचं सर्वाधिक पल्ल्याचं मॉडेल एका चार्जमध्ये विजेवर ७१ किलोमीटर जातं, त्यासाठी दर १०० किलोमीटरला साधारण साडेसोळा युनिट घेतं, आणि वीज संपल्यावर लिटरला २२ देतं. बघा, वीज संपली की प्लग-इन साध्या हायब्रिडपेक्षा २ किलोमीटरनं मागे पडली. वजनाचा भुर्दंड तो हाच.

आता सुरुवातीचे पाच जण. पाचही जणांकडे हीच प्राइम आहे.

पहिला चार्जर कधी लावतच नाही. त्याला २२ मिळतात. साधी प्रियस घेतली असती तर २४ मिळाले असते, म्हणजे जास्तीचे पैसे मोजून त्यानं ॲव्हरेज कमी करून घेतलं. दुसरा दर ४०० किलोमीटरला एकदाच चार्ज करतो. पहिले ७१ विजेवर, उरलेले ३२९ पेट्रोलवर, म्हणजे सुमारे १५ लिटर. भागाकार केला की २७. तिसरा दिवसाला १६० जातो, ८९ किलोमीटर पेट्रोलवर, ४ लिटर. त्याचे झाले ४०. चौथा ८० जातो. पेट्रोलवर फक्त ९ किलोमीटर, अर्धा लिटरसुद्धा नाही, म्हणून त्याचे १९६. पाचव्याचं रोजचं अंतर ५०. त्याला पेट्रोल लागतच नाही, आणि शून्यानं भागता येत नाही म्हणून त्याच्या गाडीला ॲव्हरेजच नाही.

चौथ्याचे १९६ ऐकून हुरळून जाऊ नका. त्यानं रोज जवळपास १२ युनिट वीजही वापरली आहे आणि तिचं बिल येणार आहे. तिसऱ्याचं बघा: साध्या प्रियसनं १६० किलोमीटरला ६.६ लिटर जाळलं असतं, प्राइमनं ४ लिटर आणि १२ युनिट. २.६ लिटर पेट्रोलच्या बदल्यात १२ युनिट वीज. सौदा म्हणून बघायचं ते हे, आणि हा सौदा तुम्हाला परवडतो का ते काढायला एकच भागाकार पुरतो. हायब्रिडचे लिटरचे किलोमीटर भागिले प्लग-इनचे युनिटचे किलोमीटर. इथे २४ भागिले ६, म्हणजे ४. तुमच्या इथे १ लिटर पेट्रोलची किंमत १ युनिट विजेच्या चौपटीपेक्षा जास्त असेल तर विजेवर चालवणं स्वस्त, कमी असेल तर पेट्रोलवर. घरच्या मीटरवर हे गणित बहुधा विजेच्या बाजूनं झुकतं. पण रस्त्यावरच्या जलद चार्जिंगचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असू शकतो, आणि तिथे पारडं फिरायला वेळ लागत नाही.

असाच एक हिशेब अंतराचाही आहे आणि तो मला फार आवडतो, कारण त्यातून तंत्रज्ञान किती पुढे आलंय ते दिसतं. एका चार्जमध्ये किती लांब गेलात की प्लग-इनचं एकूण पेट्रोल साध्या हायब्रिडच्या बरोबरीला येतं? २०११ ची शेव्हरोले व्होल्ट विजेवर ५६ किलोमीटर जायची, पण नंतर पेट्रोलवर लिटरला जेमतेम पावणेसोळा. त्या वेळची प्रियस द्यायची सव्वाएकवीस. गणित केलं तर सुमारे २१५ किलोमीटरला दोघींचं पेट्रोल सारखं होतं. त्यापुढे प्रियसच काटकसरी. म्हणजे लांबच्या प्रवासात व्होल्टचा डाव तिच्यावरच उलटायचा. हेच गणित २०२३ च्या जोडीला लावा. उत्तर येतं जवळजवळ ८०० किलोमीटर. बारा वर्षांत मर्यादा २१५ वरून ८०० वर गेली, आणि त्यातला मोठा वाटा बॅटरीचा नाही. बॅटरी संपल्यानंतर गाडी किती चांगली हायब्रिड आहे, ते सुधारलं म्हणून हे झालं. म्हणून प्लग-इन बघायला गेलात की विक्रेता विजेचा पल्ला सांगत असताना तुम्ही विचारा, "आणि बॅटरी संपल्यावर किती?" काही मोठ्या, जड प्लग-इन गाड्यांचा हा आकडा ऐकून धक्का बसेल.

कागदावर मात्र अनेक ठिकाणी एकच आकडा छापलेला असतो, दर १०० किलोमीटरला १ लिटर वगैरे. हा येतो कुठून? युरोपात वापरली जाणारी डब्ल्यूएलटीपी चाचणी घ्या. आधी गाडी पूर्ण चार्ज करून बॅटरी संपेपर्यंत चालवतात, मग रिकाम्या बॅटरीवर चालवतात, आणि दोन्ही निकालांची सरासरी काढतात. पण साधी सरासरी नाही. लोक एकूण अंतरातलं किती अंतर विजेवर कापतील याचा एक अंदाज धरतात आणि त्या वजनानं सरासरी काढतात. सगळी मेख या अंदाजात आहे. विजेवर ६० किलोमीटर जाणारी गाडी असेल तर मालक जवळजवळ ८० टक्के अंतर विजेवरच काटेल असं धरलं जायचं.

लोक तसं वागले का? २०२१ पासून युरोपातल्या नव्या गाड्यांत प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणारी यंत्रणा बसवणं सक्तीचं झालं, त्यामुळे उत्तर गाड्यांनीच दिलं. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांची आकडेवारी युरोपीय आयोगानं २०२४ मध्ये मांडली. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं. प्लग-इनचं निघालं सरासरी साडेतीन पट. कागदावर १०० किलोमीटरला १ लिटर दिसणारी गाडी रस्त्यावर साडेतीन लिटर पीत होती असं समजा. कारण सरळ आहे, लोकांनी गृहीत धरलं होतं तेवढं चार्जिंग केलं नाही. कंपनीकडून मिळालेली गाडी आणि वर कंपनीनंच भरून दिलेलं पेट्रोल, अशी सोय असेल तर रात्री केबल ओढून लावायची तसदी कोण घेणार? या लोकांना आळशी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. वीज स्वतःच्या बिलात आणि पेट्रोल दुसऱ्याच्या, अशी रचना असेल तर कुणीही तसंच वागेल. शिवाय जोरात ॲक्सिलरेटर दाबला किंवा थंडीत हीटर लावला की बॅटरी भरलेली असतानाही काही मॉडेलांचं इंजिन सुरू होतं, हेही आहेच.

यानंतर नियम बदलले. २०२५ पासून युरोपात नव्या मॉडेलांसाठी तो अंदाज खाली आणला गेला, ८० टक्क्यांच्या जागी निम्म्याच्या आसपास. २०२७ साठी ठरवलेल्या टप्प्यात तो सुमारे एक तृतीयांशावर येतो. परिणाम असा की तीच गाडी, तेच इंजिन, पण कागदावरचं ॲव्हरेज एकदम घसरलेलं दिसेल. गाडी बिघडलेली नाही, फक्त कागद खऱ्याच्या जवळ आलाय. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या प्लग-इन गाड्यांची तुलना करताना हे विसरलात तर नवी गाडी विनाकारण वाईट ठरेल.

आकड्यांचा आणखी एक सापळा आहे, आणि तो सगळ्याच गाड्यांना लागू आहे. १० ची गाडी बदलून १२ ची घेतली, तर लोक म्हणतात, "दोनच किलोमीटर वाढले." २० ची बदलून ३० ची घेतली तर म्हणतात, "दहा वाढले!" आता दोघांना १२,००० किलोमीटर चालवा. पहिल्याचं पेट्रोल १२०० लिटरवरून १००० वर आलं. दुसऱ्याचं ६०० वरून ४०० वर. दोघांचे वाचले ते २०० लिटरच. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा भ्रम दाखवून दिला होता. लिटरला किती किलोमीटर हे विचारण्यापेक्षा १०० किलोमीटरला किती लिटर हे विचारणं म्हणूनच सुरक्षित. प्लग-इनच्या १९६ सारख्या आकड्यांपुढे तर ही सवय लावून घ्याच. चौथ्याचे १९६ म्हणजे १०० किलोमीटरला अर्धा लिटर आणि वर १४-१५ युनिट. असं सांगितलं की डोकं ठिकाणावर राहतं.

पर्यावरणासाठी प्लग-इन घेणाऱ्यांनी वीज कुठून येते तेही विचारात घ्यावं. १ लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे साधी प्रियस १०० किलोमीटरला साडेनऊ किलोच्या आसपास सोडते. निव्वळ कोळशावर तयार झालेल्या विजेचं १ युनिट १ किलोच्या जवळपास जातं. साडेसोळा युनिट, म्हणजे १६ किलो. अशा विजेवर हायब्रिड स्वच्छ ठरते, अगदी पेट्रोल शुद्ध करण्याचं आणि वाहून आणण्याचं उत्सर्जन तिच्या खात्यात घातलं तरी. जलविद्युत, वारा, सूर्य किंवा अणुऊर्जा यांचा वाटा वाढत गेला की प्लग-इन झपाट्यानं पुढे निघून जाते. आणि विजेचं मिश्रण जसं सुधारतं तशी जुनी प्लग-इनही आपोआप स्वच्छ होत जाते. साध्या हायब्रिडला ही संधी नाही.

हायवेबद्दल थोडक्यात. हायब्रिडचा मोठा फायदा ब्रेकमधून परत मिळणाऱ्या ऊर्जेचा, आणि हायवेवर ब्रेक लागतोच किती? तिथे खरा शत्रू हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. प्लग-इन असेल आणि वाटेत हायवे व शेवटी गर्दीचं शहर असेल, तर बॅटरी राखून ठेवणारा मोड लावा आणि ती वीज शहरात वापरा. मात्र इंजिनानं बॅटरी भरणारा मोड काही गाड्यांत असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. पेट्रोलची वीज, विजेची साठवण, साठवणीतून पुन्हा गती, आणि प्रत्येक पायरीवर गळती.

स्वतःच्या गाडीचं खरं माप काढायचं तर पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. तो बहुधा बॅटरीतून निघालेली वीज मोजतो, भिंतीतून घेतलेली नाही, आणि चार्ज होताना साधारण १० ते १५ टक्के वीज वाटेतच जाते. टाकी फुल करा, बॅटरी फुल करा, किलोमीटरचा आकडा टिपून घ्या. महिनाभर नेहमीसारखी चालवा. चार्जरच्या लाइनवर छोटा मीटर बसवला असेल तर युनिट तिथून घ्या. महिन्याच्या शेवटी पुन्हा त्याच पंपावर टाकी फुल, घरी आल्यावर बॅटरी फुल. दोन्ही वेळा बॅटरी भरलेलीच हवी, नाहीतर सगळा हिशेब वाकडा होतो. साध्या हायब्रिडला ही काळजी नसते, तिची बॅटरी इतकी छोटी की थोडं इकडे-तिकडे झालं तरी फरक पडत नाही.

पाचव्या माणसाच्या बाबतीत ही पद्धतही चालत नाही, कारण त्याची टाकी हलतच नाही. त्यानं टाकी काठोकाठ भरून ठेवू नये, ते वजन रोज उगाच वाहायचं. आणि पेट्रोलही पडून पडून शिळं होतं. व्होल्ट बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. टाकीतलं पेट्रोल सुमारे वर्षभर जुनं झालं की ती गाडी, बॅटरी भरलेली असली तरी, स्वतःहून इंजिन सुरू करायची आणि जुनं पेट्रोल जाळून टाकायची.